मुंबई विमानतळावरील हवाई वाहतूक नियंत्रण

मुंबई विमानतळावरील हवाई वाहतूक नियंत्रण म्हणजे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरणाऱ्या, तेथून उड्डाण करणाऱ्या आणि त्याच्या परिसरातील आकाशातून जाणाऱ्या विमानांना मार्गदर्शन करणारी व त्यांच्यात सुरक्षित अंतर राखणारी व्यवस्था होय. ही सेवा भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे हवाई वाहतूक नियंत्रक पुरवितात. विमानतळाचे व्यवस्थापन खाजगी कंपनीकडे असले तरी नियंत्रणाचे काम प्राधिकरणाकडेच आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या यादीत या विमानतळाचा संकेत व्हीएबीबी, तर प्रवासी तिकिटांवर दिसणारा संकेत बीओएम असा आहे.

अंधेरी, विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला आणि घाटकोपर या दाट वस्तीच्या उपनगरांनी वेढलेल्या या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत. मात्र त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच धावपट्टी वापरात असते. येथील कार्यपद्धतीची बहुतेक वैशिष्ट्ये या एका गोष्टीतून निर्माण झाली आहेत. याच कारणाने संगणकावरील आभासी उड्डाणाच्या छंदातही मुंबई हे अवघड आणि आकर्षक विमानतळ मानले जाते.

## पार्श्वभूमी

मुंबईतील नागरी विमान वाहतुकीचा आरंभ जुहू येथे झाला. जुहूचे विमानतळ १९२८ साली स्थापन झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आणलेले विमान येथेच उतरले. जुहूची जमीन सखल आणि समुद्रालगतची असल्याने पावसाळ्यात तेथे पाणी साचत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जवळच सांताक्रूझ येथे ब्रिटिश हवाई दलाचा मोठा तळ उभा राहिला. १९४६ साली तो नागरी वापरासाठी हस्तांतरित झाला व पुढे मुंबईचे मुख्य विमानतळ बनला. जुहू आजही चालू असून तेथून प्रामुख्याने हेलिकॉप्टर आणि लहान विमाने उडतात. दोन्ही विमानतळांत केवळ काही किलोमीटरचे अंतर असल्याने जुहूची प्रत्येक हालचाल मुंबई नियंत्रणाशी समन्वय साधूनच होते.

विमानतळाचा सध्याचा नियंत्रण मनोरा ८३.८ मीटर उंच असून त्याचे कामकाज १ जानेवारी २०१४ पासून सुरू झाले. दिल्लीतील नवा मनोरा २०१९ मध्ये कार्यान्वित होईपर्यंत तो देशातील सर्वात उंच नियंत्रण मनोरा होता. आडवा छेद गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा असल्याने तो दुरूनही ओळखू येतो.

## धावपट्ट्या आणि भूरचना

धावपट्टीला दिलेला क्रमांक तिच्या चुंबकीय दिशेचे अंश दहाने भागून काढतात. पश्चिमेकडे म्हणजे सुमारे २७० अंशांकडे तोंड करून वापरली जाणारी धावपट्टी ‘२७’ होते. तीच उलट दिशेने वापरली की ‘०९’ होते.

* ०९/२७ ही मुख्य धावपट्टी सुमारे ३,४५० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद आहे. तिचे पूर्वेचे टोक कुर्ला–घाटकोपरच्या बाजूस, तर पश्चिमेचे टोक विलेपार्ले–सांताक्रूझच्या बाजूस आहे.
* १४/३२ ही दुय्यम धावपट्टी सुमारे २,९०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे. ती वायव्येकडून आग्नेयेकडे जाते.

वर्षाचा बराच काळ वारा समुद्राकडून येतो. विमाने वाऱ्याच्या समोरून उतरतात आणि उडतात. त्यामुळे बहुतेक वेळा धावपट्टी २७ वापरात असते. उतरणारी विमाने ठाण्याची खाडी ओलांडून घाटकोपरवरून येतात आणि उडणारी विमाने जुहूच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर जातात. हिवाळ्यात जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा प्रबळ झाल्यास धावपट्टी ०९ वापरली जाते. मुख्य धावपट्टी बंद असताना १४/३२ उपयोगात येते. तिच्या ३२ या बाजूने उतरण्यावर मर्यादा आहेत, कारण त्या मार्गात तुर्भ्याचे डोंगर आहेत आणि जवळच भाभा अणुसंशोधन केंद्राचा परिसर आहे.

उतरणीच्या मार्गाखालील इमारतींची उंची हा मुंबईतील सततचा प्रश्न आहे. विमानतळाभोवतालच्या ठरावीक क्षेत्रात बांधकामापूर्वी उंचीबाबत विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये विमानतळालगतच्या ४८ इमारतींचे मर्यादेपलीकडील भाग पाडण्याचे आदेश जिल्हाधिकाऱ्यांना दिले होते.

## नियंत्रणाची विभागणी

एकच नियंत्रक विमानाला आरंभापासून शेवटपर्यंत सांभाळत नाही. उड्डाणाच्या टप्प्यानुसार विमान एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे सोपविले जाते. प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र रेडिओ कंप्रता असते.

| रेडिओवरील नाव | कार्यक्षेत्र | मुख्य काम |
|---|---|---|
| मुंबई डिलिव्हरी | उभे विमान | मार्ग व उंचीची मंजुरी, ओळख-संकेतांक |
| मुंबई ग्राउंड | विमानस्थळे व टॅक्सीमार्ग | विमान मागे ढकलणे, जमिनीवरील हालचाल |
| मुंबई टॉवर | धावपट्टी व तिचा लगतचा परिसर | उड्डाण व उतरण्याची परवानगी |
| मुंबई अप्रोच | विमानतळाभोवतालचे आकाश | चढण, उतरण, रांग लावणे |
| मुंबई कंट्रोल | मुंबई उड्डाण माहिती क्षेत्र | मार्गस्थ विमानांचे नियंत्रण |

यांपैकी फक्त टॉवर आणि ग्राउंडचे नियंत्रक काचेतून विमाने पाहून काम करतात. अप्रोच आणि कंट्रोलचे नियंत्रक रडारच्या पडद्यासमोर बसतात.

भारताचे आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार मुख्य उड्डाण माहिती क्षेत्रांत विभागलेले आहे. मुंबईच्या क्षेत्रात पश्चिम व मध्य भारताबरोबर अरबी समुद्राचा फार मोठा भाग येतो. कराची आणि मस्कत ही त्याची शेजारी क्षेत्रे होत. किनाऱ्यापासून दूर रडार पोहोचत नाही. तेथे विमाने ‘मुंबई रेडिओ’शी उच्च कंप्रतेच्या लहरींवर बोलतात किंवा उपग्रहामार्फत लिखित संदेश पाठवितात.

## प्रस्थानाची कार्यपद्धती

१. माहिती-प्रक्षेपण. वैमानिक प्रथम स्वयंचलित प्रक्षेपण ऐकतो. त्यात वापरातील धावपट्टी, वारा, दृश्यमानता, तापमान आणि हवेचा दाब सांगितलेला असतो. प्रत्येक नव्या प्रक्षेपणाला ‘अल्फा’, ‘ब्राव्हो’ असे अक्षर असते. संपर्क करताना वैमानिक ते अक्षर सांगतो, म्हणजे त्याच्याजवळ ताजी माहिती आहे हे नियंत्रकाला कळते.

२. मंजुरी. डिलिव्हरी नियंत्रक गंतव्य विमानतळ, ठरलेला प्रस्थान-मार्ग, सुरुवातीची उंची आणि चार अंकी संकेतांक देतो. संकेतांकात शून्य ते सात हेच अंक असतात, त्यामुळे एकूण ४,०९६ संकेतांक शक्य होतात. यांतील ७५०० हा अपहरणासाठी, ७६०० रेडिओ बंद पडल्यास आणि ७७०० आणीबाणीसाठी राखीव आहे. वैमानिक संपूर्ण मंजुरी शब्दशः परत म्हणून दाखवितो.

३. मागे ढकलणे व टॅक्सी. ग्राउंडच्या परवानगीने ट्रॅक्टर विमान मागे ढकलतो व इंजिने सुरू होतात. त्यानंतर कोणत्या टॅक्सीमार्गांनी कोठपर्यंत जायचे हे सांगितले जाते. मुंबईत टर्मिनल १ विलेपार्ल्याच्या बाजूस आणि टर्मिनल २ अंधेरीच्या सहार भागात आहे. ठिकाणानुसार काही विमानांना वाटेत धावपट्टी ओलांडावी लागते. धावपट्टी ओलांडण्यास स्वतंत्र आणि स्पष्ट परवानगी लागते. ‘थांबा’ या सूचनेचा पुनरुच्चार झाल्याशिवाय नियंत्रक पुढे जात नाही.

४. धावपट्टीवर येणे व उड्डाण. टॉवर प्रथम विमानाला धावपट्टीवर येऊन थांबण्यास सांगतो. धावपट्टी मोकळी असल्याची खात्री झाल्यावर वाऱ्याची दिशा व वेग सांगून उड्डाणाची परवानगी दिली जाते.

५. हस्तांतरण. विमान हवेत गेल्यावर टॉवर त्याला अप्रोचकडे सोपवितो. धावपट्टी २७ वरून उडालेली विमाने आधी समुद्रावर जातात आणि मग आपापल्या मार्गाकडे वळविली जातात.

## आगमनाची कार्यपद्धती

मुंबईकडे येणारे विमान शेकडो किलोमीटर दूर असतानाच त्याच्या रांगेतील जागेचा विचार सुरू होतो. गर्दीच्या वेळी दिल्लीतील केंद्रीय प्रवाह नियंत्रण कक्ष मुंबईस निघणाऱ्या विमानांना उड्डाणाची ठरावीक वेळ देतो. विमानाने मुंबईवर घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा मूळ विमानतळावर जमिनीवर थांबणे अधिक सुरक्षित व स्वस्त असते.

मुंबईच्या जवळ आल्यावर विमान ठरलेल्या आगमन-मार्गाने खाली येते. अप्रोच नियंत्रक त्याला दिशा, उंची आणि वेगाच्या सूचना देतो. वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या विमानांतून तो पूर्वेकडे एक सरळ रांग तयार करतो. त्यानंतर विमान धावपट्टी २७ च्या उपकरण-अवतरण प्रणालीचे संकेत पकडते. ही प्रणाली दोन रेडिओ शलाका प्रक्षेपित करते. एक धावपट्टीच्या मध्यरेषेची दिशा दाखविते आणि दुसरी सुमारे तीन अंशांचा उतार दाखविते. तीन अंशांच्या उतारावर विमान दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट खाली येते. घाटकोपरच्या रहिवाशांना विमाने ठरावीक रेषेत आणि जवळपास सारख्या उंचीवरून जाताना दिसतात ती यामुळेच.

धावपट्टी वेळेत मोकळी झाली नाही किंवा वैमानिकाला ती दिसली नाही, तर अवतरण सोडून पुन्हा वर चढावे लागते. या कृतीस ‘गो अराउंड’ म्हणतात. ती आणीबाणी नव्हे, तर नेहमीची सुरक्षित कृती आहे. विमान नकाशात दिलेल्या मार्गाने चढते आणि पुन्हा रांगेत घेतले जाते.

## विमानांमधील अंतर आणि क्षमता

मार्गस्थ विमानांमध्ये साधारणतः १,००० फुटांचे उभे अंतर राखले जाते. रडारच्या कक्षेत आडवे अंतर ठरावीक सागरी मैलांमध्ये मोजतात. विमानतळाजवळ ते कमीत कमी तीन सागरी मैलांपर्यंत येते. मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेचे जोरदार भोवरे तयार होतात, म्हणून ‘जड’ वर्गातील विमानामागे ‘मध्यम’ वर्गातील विमान उतरत असल्यास पाच सागरी मैल अंतर ठेवतात. त्याच बिंदूपासून उड्डाण करताना दोन मिनिटे थांबावे लागते.

या नियमांमुळे धावपट्टीची तासाची क्षमता ठरते. मुंबईत गर्दीच्या तासांसाठी ४६ हालचालींची मर्यादा होती. विलंब वाढल्याने केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ४४ पर्यंत खाली आणली. तासाला ४६ हालचाली म्हणजे सरासरी दर ७८ सेकंदांनी एक उड्डाण किंवा अवतरण. तासाला ४४ असल्यास हा अवधी सुमारे ८२ सेकंद होतो. वरवर नगण्य वाटणारे हे चार सेकंद उशिरा धावपट्टी सोडणाऱ्या एखाद्या विमानामुळे गो अराउंड होणार की नाही हे ठरवू शकतात. धावपट्टीला तिरके जोडलेले वेगवान निर्गमन मार्ग याच कारणासाठी बांधलेले असतात. त्यांवरून विमानाला पूर्ण थांबण्याआधीच धावपट्टी सोडता येते.

२४ नोव्हेंबर २०१७ रोजी पहाटे ५.३० पासून चोवीस तासांत येथे ९६९ उड्डाणे व अवतरणे झाली. एका वेळी एकच धावपट्टी वापरणाऱ्या विमानतळासाठी तो जागतिक उच्चांक ठरला. ही गणना पहाटे साडेपाचपासून होण्याचे कारण असे की विमान वाहतुकीतील सर्व वेळा समन्वित वैश्विक वेळेत मोजतात व तिची मध्यरात्र भारतात पहाटे साडेपाचला होते. डिसेंबर २०१८ मध्ये ही संख्या एका दिवसात १,००७ वर गेली, म्हणजे दिवसरात्रीची सरासरी धरल्यास दर ८६ सेकंदांना एक हालचाल झाली.

## रेडिओ-संभाषण

नियंत्रण व वैमानिक यांच्यातील संभाषण ठरावीक इंग्रजी शब्दावलीत होते. अंकांचे उच्चारही ठरलेले आहेत. तीनचा उच्चार ‘ट्री’, पाचचा ‘फाइफ’ आणि नऊचा ‘नायनर’ असा करतात, जेणेकरून खरखरीतही ते एकमेकांशी मिसळत नाहीत. प्रत्येक सूचना ऐकणाऱ्याने परत म्हणायची आणि सांगणाऱ्याने ती बरोबर आहे का हे लक्षपूर्वक ऐकायचे, हा या पद्धतीचा गाभा आहे. धावपट्टी, उंची, दिशा, वेग, हवेचा दाब आणि संकेतांक यांचा पुनरुच्चार अनिवार्य असतो.

या कडक शिस्तीमागे मोठ्या दुर्घटनांचा इतिहास आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ जणांचा मृत्यू झाला. संभाषणातील संदिग्धता हे त्याचे एक प्रमुख कारण होते. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द केवळ प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा असा संकेत रूढ झाला. इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणतात. भारतात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन विमान हवेत धडकून ३४९ जण मरण पावले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची सूचना होती, परंतु ते त्याखाली आले. या घटनेनंतर भारतीय आकाशात येणाऱ्या विमानांसाठी टक्कर-प्रतिबंधक यंत्रणा सक्तीची झाली.

## पावसाळा

जून ते सप्टेंबर हा मुंबई नियंत्रणासाठी सर्वात कठीण काळ असतो. मुसळधार पावसात दृश्यमानता अचानक घटते, वाऱ्याची दिशा बदलते आणि ओल्या धावपट्टीवर थांबण्यास अधिक लांबी लागते. गडगडाटी ढग टाळण्यासाठी वैमानिक मार्ग बदलण्याची परवानगी मागतात व त्यामुळे आखलेली रांग विस्कळीत होते. हवामान फार बिघडल्यास विमाने अहमदाबाद, गोवा, हैदराबाद किंवा नागपूरकडे वळविली जातात.

पावसाळ्यापूर्वी दरवर्षी धावपट्ट्यांची देखभाल केली जाते. दोन्ही धावपट्ट्या जेथे छेदतात त्या ठिकाणी काम असल्यास दोन्ही एकाच वेळी बंद ठेवाव्या लागतात. फेब्रुवारी व मार्च २०१९ मध्ये अशा कामासाठी आठवड्यातून तीन दिवस सकाळी ११ ते सायंकाळी ५ विमानतळ बंद होते. त्याच वर्षी १ जुलै रोजी रात्री जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे विमान पावसात मुख्य धावपट्टीच्या पुढे निघून गेले. ते हलवेपर्यंत काही दिवस सर्व वाहतूक दुय्यम धावपट्टीवरून चालवावी लागली आणि शेकडो उड्डाणांवर परिणाम झाला.

## उल्लेखनीय घटना

* १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे कॉमेट जेट विमान सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या लहान धावपट्टीवर उतरले. सुमारे नऊ दिवसांनी ते तेथून उडविण्यात आले.
* २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान याच गैरसमजातून जुहूला उतरले आणि धावपट्टीच्या बाहेर गेले. जीवितहानी झाली नाही, मात्र विमान दुरुस्तीपलीकडे गेले. पश्चिमेकडून येणाऱ्या विमानाला सांताक्रूझच्या आधी जुहू दिसते आणि तेथील मुख्य धावपट्टीची दिशाही जवळपास तीच आहे, हे या चुकांमागचे भौगोलिक कारण होय.
* २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणी उड्डाणावर असलेले लहान विमान घाटकोपरमध्ये कोसळून विमानातील चार जण व एक पादचारी मृत्युमुखी पडले. विमानतळांच्या परिसरातील दाट वस्तीचा प्रश्न या घटनेने पुन्हा चर्चेत आला.
* ८ जून २०२४ रोजी धावपट्टी २७ वरून एअर इंडियाचे विमान उड्डाण करीत असतानाच इंडिगोचे विमान त्याच धावपट्टीवर उतरले. अपघात झाला नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली व संबंधित नियंत्रकास कामावरून दूर ठेवले.

## आभासी उड्डाणातील वापर

संगणकावरील उड्डाण-अनुरूपक सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविण्यात मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या मालिकेचा मोठा वाटा आहे. तिची पहिली आवृत्ती १९८२ साली आली. एक्स-प्लेन आणि मुक्त-स्रोत फ्लाइटगिअर हेही प्रचलित अनुरूपक आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीत उपग्रह छायाचित्रांवर आधारित भूदृश्य असल्याने मुंबईची खाडी, घाटकोपरची टेकडी आणि जुहूचा किनारा ओळखता येतो.

अनुरूपकात नियंत्रण दोन प्रकारे मिळते. पहिल्या प्रकारात संगणकच नियंत्रकाची भूमिका करतो. तो मूलभूत सूचना देतो, परंतु गर्दीतील रांग लावणे किंवा स्थानिक निर्बंध पाळणे त्याला नीट जमत नाही. दुसऱ्या प्रकारात इंटरनेटवरील जाळ्यात प्रत्यक्ष माणसे नियंत्रक व वैमानिक होतात. १९९८ साली स्थापन झालेले आयव्हीएओ आणि २००१ साली स्थापन झालेले व्हॅटसिम ही अशी दोन मोठी स्वयंसेवी जाळी आहेत. त्यांत भारतीय सदस्यही सहभागी होतात. हे सर्व संभाषण इंटरनेटवर होते. त्याचा खऱ्या विमानांच्या रेडिओशी काहीही संबंध नसतो.

या जाळ्यांत मुंबईची नियंत्रण-स्थाने व्हीएबीबी या संकेताने ओळखली जातात आणि त्यांची विभागणी वर दिलेल्या कोष्टकाप्रमाणेच असते. नवा सदस्य निरीक्षक म्हणून आरंभ करतो. प्रशिक्षण व परीक्षा देत तो जमिनीवरील नियंत्रणाकडून टॉवर, अप्रोच आणि क्षेत्रीय नियंत्रणापर्यंत पोहोचतो. केवळ अप्रोच नियंत्रक उपस्थित असल्यास तोच खालच्या सर्व स्थानांचे काम पाहतो. कोणीच उपस्थित नसल्यास व्हॅटसिमवर वैमानिक १२२.८ मेगाहर्ट्झ या सामायिक कंप्रतेवर आपली हालचाल इतरांना कळवितात. अपहरणाचा संकेतांक वापरण्यास तेथे मनाई आहे. आणीबाणीचा सराव करता येतो, पण नियंत्रकाने सांगितल्यास तो थांबवावा लागतो.

मुंबईतील आभासी उड्डाणात पुढील बाबींकडे लक्ष द्यावे लागते.

* उड्डाण-आराखडा भरण्यापूर्वी वापरातील धावपट्टी पाहावी. दोन्ही धावपट्ट्या छेदत असल्याने एक वापरात असताना दुसरी मागणे सहसा मान्य होत नाही.
* प्रस्थान व आगमन मार्गांचे नकाशे दर २८ दिवसांच्या चक्राने सुधारले जातात. अनुरूपकातील माहिती जुनी असल्यास नियंत्रकाने सांगितलेला मार्ग यंत्रात सापडत नाही.
* मंजुरी लिहून घ्यावी व पूर्ण परत म्हणावी. नुसते ‘रॉजर’ म्हणणे पुरेसे नसते.
* पश्चिमेकडून धावपट्टी ०९ वर येताना केवळ नजरेवर विसंबू नये. आधी दिसणारी लहान धावपट्टी जुहूची असते. अवतरण प्रणालीचे संकेत पडताळल्यास चूक टळते.
* उतरल्यावर पहिल्या योग्य निर्गमन मार्गाने धावपट्टी लवकर सोडावी. मागील विमान जेमतेम दीड मिनिटावर असू शकते.

अनुरूपकात वापरले जाणारे नकाशे, संकेत आणि आकडे केवळ सरावासाठी असतात. प्रत्यक्ष उड्डाणासाठी अधिकृत प्रकाशनेच ग्राह्य धरली जातात.

## नियंत्रकांचे प्रशिक्षण

अनुरूपक हा केवळ छंदाचा विषय नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या नियंत्रकांना प्रयागराज येथील नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालयात, हैदराबाद येथे आणि महाराष्ट्रात गोंदियाच्या बिरसी विमानतळालगतच्या प्रशिक्षण संस्थेत शिक्षण दिले जाते. तेथे अनुरूपक कक्षात पडद्यावर काल्पनिक वाहतूक उभी केली जाते. शेजारच्या खोलीतील साहाय्यक वैमानिकांच्या आवाजात उत्तरे देतात आणि प्रशिक्षक मुद्दाम वादळ, इंजिन बिघाड किंवा चुकीचा पुनरुच्चार घडवून आणतात. प्रशिक्षणार्थ्याने चूक केली तर पडदा थांबवून तो प्रसंग पुन्हा घेता येतो. प्रत्यक्ष मनोऱ्यात ही सोय नसते. म्हणून नियुक्तीनंतरही संबंधित विमानतळावर अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली काम करून प्रत्येक स्थानासाठी स्वतंत्र पात्रता मिळवावी लागते.

## नवी मुंबई विमानतळ

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. दोन समांतर धावपट्ट्यांची योजना असलेले हे विमानतळ मुंबईच्या उतरणीच्या मार्गापासून फार दूर नाही. त्यामुळे दोन्हीकडील आगमन व प्रस्थान मार्ग एकत्रितपणे आखावे लागतात. जुन्या विमानतळावरील भार कमी करण्यासाठी हा पर्याय उभारण्यात आला असला तरी परिसराचे आकाश एकच असल्याने अप्रोच नियंत्रणाचे काम त्यामुळे अधिक गुंतागुंतीचे होते.

## हे सुद्धा पहा

* छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ
* जुहू विमानतळ
* नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ
* भारतीय विमानतळ प्राधिकरण
* चरखी दादरी विमान दुर्घटना